फळा बंद पडला तेव्हा

नव्वदच्या दशकात काही वर्षं आमच्या डोंबिवलीच्या घरातला फोन दुपारी दोन ते संध्याकाळी सातपर्यंत कॉम्प्युटर उचलायचा. नातेवाइकांना तसं सांगून ठेवलं होतं. तरी माझ्या नवऱ्याची आत्या महिन्यातून एकदा तरी नेमकी त्याच वेळात फोन करायची. मोडेमची शिट्टी कानात गेली की संध्याकाळी पुन्हा फोन करून विचारायची, "काय गं, दुपारी कुकर लावला होतास का?"

मी तेव्हा ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत ईडीपी खात्यात होते. कामगारांचे पगार, गोदामातला माल, गिऱ्हाइकांची बिलं असं सगळं कॉम्प्युटरमध्ये भरायचं, सांभाळायचं आणि मागितलं की छापून द्यायचं, हे माझं काम. नवरा कळव्याच्या एका कारखान्यात इंजिनियर. त्यांच्याकडे जुने कॉम्प्युटर काढायला घेतले तेव्हा त्याने त्यातला एक घरी आणला. पुढे त्याच्या मित्राने परदेशातून येताना मोडेम आणला. मोडेम म्हणजे फोनच्या तारेवरून एका कॉम्प्युटरला दुसऱ्याशी बोलतं करणारं एक डबडं. ते आल्यावर आम्हा दोघांना स्वस्थ बसवेना.

इंटरनेट अजून आमच्यासारख्यांच्या घरात पोचलं नव्हतं. पण ज्याच्याकडे कॉम्प्युटर, मोडेम आणि फोन होता तो आमचा नंबर फिरवू शकत होता. आमचा कॉम्प्युटर फोन उचलायचा, टोपणनाव आणि पासवर्ड विचारायचा, आणि मग त्या माणसाला आधी येऊन गेलेल्यांनी लिहून ठेवलेलं सगळं वाचता यायचं, स्वतःचं काही लिहिता यायचं. तो गेला की पुढचा. लाइन एकच, म्हणून एका वेळी माणूसही एकच. इंग्रजीत याला बुलेटिन बोर्ड म्हणत. कल्याणच्या एक निवृत्त मराठीच्या शिक्षिका आमच्या सभासद झाल्या, त्यांनी आठवड्याभरात त्याचा "फळा" करून टाकला. तेच नाव राहिलं. त्यांना सगळे बाई म्हणायचे. त्यांचा मुलगा अमेरिकेत होता आणि जाताना कॉम्प्युटर त्यांच्या गळ्यात मारून गेला होता, असं त्याच सांगायच्या.

सभासद सगळे जवळपासचे होते. डोंबिवली, कल्याण, उल्हासनगर, शहाड, कारण तेवढ्यात लोकल कॉल लागायचा. बरेचसे कॉलेजातले, एक दाताचे डॉक्टर, एक रेल्वेतून निवृत्त झालेले गृहस्थ. दुपारी दोन वाजता कॉम्प्युटरचं बटण दाबायचं काम सासूबाईंकडे होतं. त्या मूळच्या रत्नागिरीकडच्या. बटण दाबताना त्या दरवेळी "चल बाबा" म्हणायच्या आणि मग आडव्या व्हायच्या.

नवीन माणूस आला की त्याची माहिती भरून घेणारा एक तक्ता मी बनवला होता. खरं नाव, पत्ता, फोन, जन्मतारीख, शिक्षण, नोकरी, छंद. यातलं बरंचसं मला कशालाही लागत नव्हतं. ऑफिसात कप्पा दिसला की तो भरायचा, ही सवय घरी आली होती, एवढंच. शिवाय माझा एक नियम होता. नवीन सभासदाला मी स्वतः फोन करणार, दोन शब्द बोलणार, मगच त्याचं खातं पक्कं. नाहीतर एकच पोरगा चार टोपणनावं घेऊन चौघांशी भांडायचा.

शहाडच्या मुलाच्या बाबतीत हा नियम अडला. त्याने तक्ता भरला आणि खाली मला एकटीला निरोप लिहिला. "ताई, फोन करू नका. मला ऐकू येत नाही. सहा वर्षांचा असताना तापात कान गेले. तुम्हाला खात्री करायची तर इथेच काय ते विचारा. आणि एक विनंती, हे फळ्यावर कुणाला सांगू नका. सगळीकडे माझी ओळख तिथूनच सुरू होते. इथे नको."

मी त्याला दोन-चार प्रश्न विचारले. तो शहाडजवळच्या एका कारखान्यात ड्रॉइंग विभागात होता. पहिली पाळी करून तीनच्या सुमाराला घरी यायचा. आईवडील दोघंही नोकरीला, ते सातला यायचे. मोठा भाऊ आखातात होता, त्याने कॉम्प्युटर पाठवला होता. मी त्याचं खातं पक्कं केलं आणि त्याचं म्हणणं पाळलं. नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही.

आणि हा मुलगा काय लिहायचा! क्रिकेट, राजकारण, उल्हास नदीचं पाणी, कारखान्यातला साहेब, कुठल्याही विषयावर त्याचं चार ओळींचं तरी काहीतरी असायचंच. लोक त्याचं वाचायला म्हणून फोन लावायचे. बाईंशी त्याचा कायमचा वाद होता. मराठी अक्षरं त्या पडद्यावर उमटत नसत, त्यामुळे मराठी इंग्रजी अक्षरांत लिहावी लागायची. बाईंचं म्हणणं, "काम" लिहिताना दोन ए लिहायचे, एक लिहिला की त्याचा "कम" होतो. हा सगळीकडे एकच ए लिहायचा.

"वाचणाऱ्याला कळतं ना बाई? मग एक ए वाचवा. ताईंच्या डिस्कवर जागा कमी आहे."

"जागेसाठी भाषा कापायची का? उद्या घर लहान पडतं म्हणून पोरांचे पाय कापशील!"

त्यात मला पंच केलं गेलं. एक अक्षर किती जागा खातं हे मी प्रामाणिकपणे लिहिलं, तर दोघांनीही ते आपल्याच बाजूने धरलं. जागा खरोखरच कमी होती. दर महिन्याला मी जुने निरोप पुसायची, आणि दर महिन्याला बाई निषेध नोंदवायच्या.

हळूहळू बाईंना हा मुलगा आवडायला लागला होता. त्यामुळेच पुढचं घडलं. त्यांना त्याच्याशी बोलायचं होतं. "एकदा फोन कर," असं त्यांनी लिहिलं. त्याने काहीतरी विनोद करून टाळलं. त्यांनी पुन्हा लिहिलं, त्याने पुन्हा टाळलं. असं बरेचदा झालं, आणि बाईंचा पारा चढला. एका दुपारी त्यांनी सगळ्यांसमोर फळ्यावर लिहिलं, "ज्याला समोर बोलायचं धाडस नाही त्याने आडून लिहू नये. घाबरट माणसाशी मी यापुढे वाद घालणार नाही."

संध्याकाळी घरी आल्यावर मी ते वाचलं. बाईंना काहीतरी कळवावं असं वाटलं, पण काय कळवणार? एक शब्द जास्त झाला असता तरी त्यांच्या लक्षात आलं असतं. उद्या बघू म्हणून मी मशीन बंद केलं.

उद्या मशीन सुरूच झालं नाही. गणपतीच्या आधीचे दिवस होते आणि आमच्या भागातली वीज दिवसभर येत-जात होती. डिस्कमधून टक-टक असा आवाज यायचा आणि पडदा काळाच राहायचा. नवऱ्याने मशीन उघडलं, फुंकर मारली, तारा काढून पुन्हा लावल्या. शेवटी त्याने हात पुसले आणि म्हणाला, "गेली."

दर महिन्याला मी सगळ्याची नक्कल फ्लॉप्यांवर काढून लोखंडी कपाटात डांबराच्या गोळ्या घालून ठेवायची. त्या काढल्या. पावसाळ्यात चामड्याच्या चपलांवर येते तशी पांढरी बुरशी त्यांच्या चकतीवर चढलेली. एकही वाचता आली नाही. सभासदांची नावं, पत्ते, फोन नंबर, लिहिलेले हजारो शब्द, सगळं गेलं. ऑफिसात डिस्क गेली की आम्ही कागदांवरून माहिती पुन्हा भरायचो. इथे कागदच नव्हते. जे होतं ते त्या एका टकटकणाऱ्या डब्यात होतं.

नवीन डिस्क मुंबईहून मिळायला दोन-तीन आठवडे लागणार होते. तोवर मोडेम काढून ठेवला, आणि दुपारचे फोनही सासूबाईच उचलू लागल्या.

आता सभासदांचं काय व्हायचं, तर मोडेमला एक छोटा स्पीकर असतो. त्यातून शिट्टीच्या जागी एका बाईमाणसाचं "हॅलो, कोण पाहिजे?" ऐकू आलं की ते दचकायचे आणि धावत जाऊन रिसीव्हर उचलायचे. सासूबाई त्यांना शांतपणे सांगायच्या, "मशीन आजारी आहे रे बाळा. औषध मुंबईहून यायचंय." मग तू कोण, कुठला, घरी कोणकोण असतं, गणपती बसतो का, अशा चौकशा. चार-पाच दिवसांत त्यांना माझ्या सभासदांची जेवढी माहिती झाली तेवढी माझ्या तक्त्यात कधी नव्हती. दाताच्या डॉक्टरांकडून तर त्यांनी कवळीबद्दल सल्लाही घेतला. नवी डिस्क यायच्या आधी एकदा सगळ्यांनी आमच्या घरी जमावं, ही कल्पनाही त्यांचीच. फोन करणाऱ्या प्रत्येकाला त्या येत्या रविवारचं आमंत्रण देत सुटल्या.

बाईंचा फोन संध्याकाळी आला, मी घरी असताना. बाकी काही न बोलता त्यांनी विचारलं, "त्या शहाडच्या मुलाचा फोन आला का?"

"नाही आला."

"बाकी सगळ्यांचे आले?"

"बहुतेकांचे आले."

"मग माझ्यावर रागावला तो. तुम्ही वाचलंत ना मी लिहिलेलं? घाबरट म्हटलं मी त्याला. एवढी वर्षं शाळेत घालवली, रागाच्या भरात मुलाला काय बोलू नये ते कळायला हवं होतं. तुमच्याकडे नंबर असेल ना त्याचा?"

"तो डिस्कवर होता, बाई."

"पत्ता?"

"तोही."

हे खरं होतं. पण नंबर असता तरी त्यांनी तो फिरवून काही उपयोग नव्हता, हेही खरं होतं, आणि ते मला सांगता येत नव्हतं. "येईल तो, कामात असेल," असं काहीतरी पुटपुटून मी फोन ठेवला. रात्री जेवताना नवऱ्याने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, डोकं दुखतंय.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पालेभाजी निवडत होते आणि सासूबाई फणफणत होत्या. "मेला कोण तरी रोज ब्लँक कॉल करतो गं! चहा टाकला की घंटा वाजलीच. हॅलो हॅलो करत बसा, पलीकडे नुसतं खुट्ट नाही. आज चांगला फैलावर घेतला मी त्याला. म्हटलं, तुला आईबहीण नाही का रे? पोलिसांत देईन!"

"किती वाजता येतो?"

"सांगितलं ना, चहाच्या वेळेला. तीन-सव्वातीन."

माझ्या हातातली मेथी तशीच राहिली. पहिली पाळी सुटून तो तीनला घरी यायचा. बाकीच्यांना स्पीकरमधून सासूबाईंचा आवाज ऐकू येत होता, म्हणून ते फोन उचलून बोलत होते. त्याला काय दिसत असणार? नंबर फिरला, पलीकडून कुणीतरी फोन उचलला, आणि मग काहीच नाही. पडद्यावर फक्त "संपर्क झाला नाही" अशा अर्थाची एक ओळ. रोज.

दुसऱ्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आले. डिस्क नसली तरी मशीन फ्लॉपीवर चालू होत होतं. ऑफिसातून एक छोटा प्रोग्राम आणला होता. त्याने काही साठवता येत नव्हतं, पण दोन कॉम्प्युटर जोडता येत होते. पलीकडच्याने टाइप केलेलं इथे दिसायचं, इथलं तिथे, आणि वर सरकलं की गेलं. मी मोडेम लावून बसले. सासूबाई चहाचा कप घेऊन मागे उभ्या राहिल्या. त्यांना वाटत होतं की मी त्या ब्लँक कॉलवाल्याला पकडणार आहे.

तीन वाजून गेल्यावर घंटा वाजली. मी कळ दाबली. शिट्टी, खरखर, आणि पडदा जिवंत झाला.

"कोण आहे तिकडे?" मी लिहिलं.

मग एकेक अक्षर येऊ लागलं. "तुम्ही कोण? फळा कुठे गेला?"

"मी ताई. डिस्क मेली. सगळं पुसलं गेलं. सगळ्यांचं."

मग आलं, "म्हणजे मला काढलं नाही?"

"तुला कशाला काढू?"

"बाईंचं वाचलं. दोन दिवस उत्तर लिहीत होतो. पाठवायला गेलो तर फोन उचलला जातो आणि तुटतो. वाटलं, ताईंनीच माझं खातं बंद केलं. बाईंनी सांगितलं असेल."

"बाई तुझी चौकशी करत होत्या. तू रागावलास असं त्यांना वाटतंय. आईला सांगून आमच्याकडे एक फोन करायचास ना?"

"आईने फोन लावला असता तर पहिलं वाक्य 'माझ्या मुलाला ऐकू येत नाही' हेच म्हणाली असती. ती प्रेमाने म्हणते. पण मग इथेही तेच झालं असतं."

मागून सासूबाई विचारत होत्या, "काय म्हणतोय? कोण आहे तो? सांग त्याला, माझ्याशी गाठ आहे!" मी लिहिलं, "माझ्या सासूबाई मागे उभ्या आहेत. रोज तुझा फोन त्यांनीच उचलला. त्यांना सांगू का तुझ्याबद्दल? नको असेल तर नाही सांगणार."

"त्या काय बोलल्या फोनवर?"

मी खरं तेच लिहिलं. "शिव्या घातल्या."

पडद्यावर हसण्याची एक लांबलचक ओळ आली. मग आलं, "सांगा. त्यांना सांगा."

मी खुर्चीत वळून सासूबाईंना सांगितलं. त्यांनी कप टेबलावर ठेवला. "अगं बाई," एवढंच म्हणाल्या आणि पदराने तोंड पुसलं. मग माझ्या खांद्यावरून वाकून पडद्याकडे बघत मोठ्याने म्हणाल्या, "रविवारी ये रे बाबा. दडपे पोहे करते." आणि मला म्हणाल्या, "लिही की ते!"

मी लिहिलं. तो लगेच हो म्हणाला नाही. कोणकोण येणार, बाई येणार का, हे विचारलं. मी सांगितलं, सगळे येतील, बाई तर येतीलच. त्यांना आधी मी काही सांगू का?

"नको. आलो तर मीच सांगेन."

येईन की नाही हे त्याने लिहिलंच नाही.

रविवारी सकाळी आमच्या दोन खोल्यांत उभं राहायला जागा नव्हती. जी माणसं रोज एकमेकांशी लिहून बोलत होती ती एकमेकांना तोंडाने ओळखत नव्हती. आल्या आल्या जो तो स्वतःचं टोपणनाव सांगायचा आणि बाकीचे "तू? तू असा?" करून ओरडायचे. ज्याला सगळे तरुण समजत होते ते रेल्वेवाले गृहस्थ निघाले. बाई हातमागाची साडी नेसून, खुर्चीत ताठ बसल्या होत्या. दार वाजलं की त्यांची मान वळायची. प्रत्येक नव्या मुलाला त्या विचारायच्या, "शहाडचा का तू?" नाही म्हटलं की पुन्हा दाराकडे बघायच्या.

पोह्यांचं पहिलं पातेलं संपल्यावर तो आला. उंच, सडपातळ, इस्त्रीचा शर्ट, पंचविशीच्या आतबाहेरचा. दारातूनच त्याने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. त्याने खोलीतल्या माणसांवरून नजर फिरवली आणि सरळ बाईंच्या खुर्चीसमोर जाऊन उभा राहिला.

"बाई, मी शहाडचा," तो म्हणाला.

आवाज जाड होता, शब्द एकमेकांना चिकटून आलेले. सहाव्या वर्षापर्यंत ऐकलेलं मराठी एवढी वर्षं कुणी आठवणीतून बोलत असेल तर ते जसं येईल तसं आलं. बाईंना कळलं नाही. "काय? नीट बोल रे, मोठ्याने," त्या शाळेतल्या आवाजात म्हणाल्या.

त्याने एक बोट कानाला लावलं आणि हात हलवून नाही म्हटलं. मग तेच वाक्य पुन्हा बोलला, सावकाश. "मी शहाडचा. मला ऐकू येत नाही."

बाईंचा चेहरा मी पाहत होते. आधी त्यांना कळलं, मग त्यांना आपण काय लिहिलं होतं ते आठवलं, आणि हे दोन्ही त्यांच्या चेहऱ्यावर एकापाठोपाठ एक आलं. त्या खुर्चीतून उठल्या. वयामुळे त्यांना पटकन उठता येत नसे, त्याने हात पुढे केला, तो त्यांनी धरला आणि धरूनच ठेवला.

"मी तुला घाबरट म्हणाले," त्या म्हणाल्या. तो त्यांच्या ओठांकडे बघत होता. त्याला कळलं. तो हसला आणि कॉम्प्युटरकडे बोट केलं.

मी मशीन फ्लॉपीवर चालू करून दिलं. तो बसला आणि भराभरा टाइप करू लागला. सगळे त्याच्या पाठीमागे गोळा झाले. त्याने लिहिलं होतं, "घाबरलो होतोच. बाईंचं बरोबर आहे. पण वाद बंद करणार म्हणालात ते चालणार नाही."

बाईंनी चष्मा वर-खाली करत ते वाचलं. मग पडद्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "एवढं सगळं होऊनसुद्धा 'वाद'मध्ये ए एकच!" त्याला त्यांच्या बोटावरूनच कळलं. त्याच्या हसण्याचा आवाजही वेगळा होता, मोठा, आणि तो ऐकून बाकीचेही हसले. त्यानंतर त्या खोलीतले लोक पाळीपाळीने की-बोर्डपाशी बसून त्याच्याशी गप्पा मारत होते आणि रेल्वेवाले गृहस्थ टाइप करायला फार वेळ लावतात म्हणून रांगेत कुरकुर चालली होती. सासूबाईंनी त्याच्या बशीत दुसऱ्यांदा पोहे वाढले, तिसऱ्यांदाही वाढले. तो नको म्हणत होता, तर त्या म्हणाल्या, "मलासुद्धा ऐकू येत नाही."

दुपारी पांगायच्या आधी मी विषय काढला. नवी डिस्क येईल, तेव्हा सगळ्यांची खाती नव्याने करायची आहेत. या वेळी मी तक्ता पुढे केला नाही. प्रत्येकाला विचारलं, तुमचं काय काय ठेवू? मला वाटलं होतं, पूर्वीसारखंच ठेवा म्हणतील. पण बहुतेकांनी टोपणनाव आणि पासवर्ड यापलीकडे काही दिलं नाही. एक मुलगी म्हणाली, "जन्मतारीख कशाला हवी होती तुम्हाला? आम्ही तेव्हा विचार न करता भरली." दोघांनी फोन नंबरही नको म्हटलं. बाईंनी मात्र सगळं दिलं, वर रक्तगटही सांगितला. "उपयोगी पडेल कुणाला," म्हणाल्या.

शहाडच्या मुलाने स्वतःच टाइप केलं. नाव, नंबर, आणि खाली एक ओळ, सगळ्यांना दिसेल अशी. "ऐकू येत नाही. लिहून बोला." मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने खांदे उडवले.

डिस्क आली, फळा पुन्हा सुरू झाला. जुनं काही परत मिळालं नाही. काही दिवस लोक हळहळले, तो किस्सा गेला, ती चर्चा गेली, मग नवं लिहू लागले. मी मात्र बदलले. ऑफिसात नवीन कामाची आखणी असली की मी विचारायला लागले, ही माहिती आपल्याला कशासाठी हवी आहे? साहेब वैतागायचे. एकदोनदा त्यांनी कप्पे कमी केलेही.

बाई आणि तो वाद घालत राहिले. पुढे बाई अधूनमधून शहाडला त्याच्या घरी जायला लागल्या. त्याच्या आईशी त्यांची ओळख झाली. त्याला पुण्याला चांगली नोकरी लागली तेव्हा त्याच्या अर्जाची भाषा बाईंनी तपासली होती, आणि त्यांनी काढलेल्या चुका त्याने फळ्यावर जाहीर केल्या होत्या. पुण्याहून फोन लावणं महाग पडायचं, म्हणून तो रविवारच्या सुट्टीला घरी आला की आठवड्याचं एकदम वाचायचा आणि एकदम लिहायचा.

मग दशक संपत आलं. इंटरनेटची कनेक्शनं घरोघरी आली, सायबर कॅफे उघडले. आमच्या फोनची घंटा दुपारी वाजेनाशी झाली. सासूबाई बटण दाबायच्या, पण पाच तासांत एखादाच कुणी यायचा. शेवटी आम्ही फळा बंद करायचं ठरवलं आणि राहिलेल्या सभासदांना विचारलं, तुमचं जे साठलंय त्याचं काय करू? बऱ्याच जणांनी उत्तरच दिलं नाही. बाई म्हणाल्या, "माझं पुसून टाका. जे लिहायचं होतं ते ज्यांच्यासाठी होतं त्यांनी वाचलं." दर महिन्याला पुसण्याचा निषेध करणाऱ्या बाईंनी असं म्हणावं याचं मला नवल वाटलं. त्यांचे डोळे तेव्हा अधू झाले होते.

शहाडच्या मुलाने स्वतःचं मागितलं. मी ते दोन फ्लॉप्यांवर काढून ठेवलं. न्यायला तो आला तो बायकोला घेऊन. नुकतंच लग्न झालं होतं. तिलाही ऐकू येत नव्हतं, ती पुण्याचीच. आमच्या बाहेरच्या खोलीत दोघं बसली होती आणि त्यांचे हात चालले होते. मधेच ती माझ्याकडे बघून हसली. तो बोलून सांगू लागला, माझ्याबद्दल ती काय म्हणाली ते. मला त्याचं बोलणं आता बऱ्यापैकी कळायचं. तिचं म्हणणं होतं की तिला वाटलं होतं ताई म्हणजे कुणीतरी मोठ्या ऑफिसातल्या, मोठ्या टेबलामागच्या असणार.

ती दोघं गेल्यावर मी डिस्क पुसायला बसले. खात्री आहे का, असं मशीनने विचारलं. मी नवऱ्याला हाक मारली, तो आला आणि माझ्याशेजारी स्टूल ओढून बसला. मी हो लिहिलं. बराच वेळ लागला. मधे त्याने उठून चहा केला. नंतर तो कॉम्प्युटर आम्ही कळव्याच्या एका शाळेला दिला, आणि जाताना त्याच्यासोबत मोडेमही देऊन टाकला.